वीस गाण्यांची घाणी

खिळा अर्धं बोट आत गेला.

योहानने तो उपसून धोतराला पुसला आणि वीतभर वरच्या सांध्यात टोचला. तिथेही गेला. खिळ्याबरोबर ओलसर भुगा बाहेर आला आणि त्याच्या मनगटावर सांडला. त्याने तो दोन बोटांत चोळला. बाजरीच्या पिठासारखा तो मोकळा झाला.

दुसऱ्या कमानीच्या माथ्यावर चावीचा, कमान बंद करणारा दगड बसवला त्याला आज नऊ दिवस झाले होते. पहिल्या कमानीला नवव्या दिवशी हाच खिळा लावला होता, तेव्हा दगडावर ओढल्यासारखा नुसता ओरखडा उठला होता. चुना तोच, विटांची भुकटी तीच, वाळू याच ओढ्याची. पाणी त्याच डोहातलं.

"काय मुकादम, पुलाला टोचून बघताय का? ताप हाय का त्याला?" खालून मच्छिंद्र पाथरवट ओरडला. गडी हसले.

योहान परांचीवरून उतरला. हातातला ओळंबा त्याने एका सपाट दगडावर ठेवला. मच्छिंद्रने तो दगडावरून उचलला. चार महिने असंच चाललं होतं. मच्छिंद्र योहानच्या सांगण्याप्रमाणे दगड घडवायचा, त्याने दाखवलेल्या दोरीत बसवायचा, पण त्याच्या हातातून वस्तू घ्यायचा नाही. महारवाड्यातला माणूस येशूचा झाला तरी मच्छिंद्रच्या लेखी हात तेच होते. गुण्या, ओळंबा, दोरी, सगळं आधी दगडावर टेकायचं. तो दगड त्यासाठीच एका बाजूला ठेवला होता. गडी त्याला देव्हारा म्हणत.

कोल्हारच्या अलीकडे गाडीवाटेवर हा दोन कमानींचा पूल होत होता. लढाई संपून वर्ष झालं तरी सिमेंट मिळत नव्हतं, म्हणून काम चुन्यातलं होतं. पहिल्या कमानीखालचा लाकडी साचा एकवीस दिवसांनी काढला होता. दुसरीचा अजून जागेवर होता. जाड खांब, त्यांवर अर्धगोल फळ्या आणि फळ्यांवर कमानीचं सगळं वजन. खांबांच्या बुडाशी जोडीजोडीने पाचरी मारल्या होत्या. चुना धरेपर्यंत कमान ह्या पाचरींच्या जिवावर होती.

योहान तिथून तडक चुन्याच्या घाणीकडे गेला.

घाणी ओढ्याच्या काठावर होती. जमिनीत दगडी चर गोल खोदलेला, मधोमध खुंटा, खुंट्याला आडवा वासा. वाशाला ओवलेलं दगडी चाक चरातून फिरायचं आणि बैल ते ओढायचा. चरात चुना, वाळू, भुकटी आणि पाणी. चाकाखालून माल बाजूला सरकायचा. योहानची बायको दीना एका अंगाला आणि झुंबरबाई दुसऱ्या अंगाला उभी राहून तो फावड्याने परत चरात लोटायच्या. बैलामागे भीमा चालायचा. भीमाला ऐकू येत नसे.

दोघी गात होत्या. नऊ कडव्यांचं येशूचं भजन होतं, दीनाच्या आजीने रचलेलं. झुंबरबाईला येशूशी देणंघेणं नव्हतं. त्या जागी ती म्हसोबा म्हणायची. एक अक्षर जास्त व्हायचं, ते ती गिळायची. भजन संपलं की दीना डावीकडच्या ढिगातला एक खडा उजवीकडे टाकायची. वीस खडे झाले की एक घाणी झाली, एका खेपेचा माल तयार.

ही युक्ती योहानचीच होती. एका घाणीला एकशेऐंशी फेरे लागतात, हे तो नगरला मिशनच्या बांधकामावर म्हाताऱ्या मिस्त्रीकडून शिकला होता. बायांना विसाच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग त्याने पाहिलं, की ढवळ्या बैल एका कडव्यात बरोबर एक फेरा घेतो. नऊ कडवी, वीस गाणी, एकशेऐंशी. सरकारी ओव्हरसियरला त्याने हे सांगितलं तेव्हा ओव्हरसियर म्हणाला होता, "अरे, तू शाळेत असायला हवा होतास."

योहान उकिडवा बसला. ह्या घाणीचं पहिलं भजन आत्ताच सुरू झालं होतं. काडी घेऊन तो बैलाच्या प्रत्येक फेऱ्याला धुळीत एक रेघ ओढू लागला.

बैल ढवळ्या नव्हता. दुसरी कमान सुरू झाली त्या सकाळी ठेकेदाराने ढवळ्याला दुसऱ्या कामाच्या वाळूगाडीला जुंपलं आणि घाणीला हा दिला. लोणीच्या बाजारातून दोनदा तसाच परत आलेला म्हातारा बैल. मागचा डावा पाय टाकताना तो थांबायचा, मान खाली घालायचा, मग पाय टाकायचा. योहानने त्याला येताजाता पाहिलं होतं. बैल मंद आहे एवढंच त्याच्या मनात आलं होतं. संध्याकाळी खडे पाहायचा, तर वीस असायचे. तो पुढे जायचा.

पहिलं भजन संपलं. धुळीत साडेपाच रेघा होत्या.

तो उठला नाही. ऊन पाठीवर आलं, कोटाच्या आतून घाम कमरेपर्यंत उतरला. विसावा खडा पडला तेव्हा त्याने रेघा मोजल्या. एकशेबारा. पुन्हा मोजल्या. एकशेबारा.

"झाली घाणी," दीना म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. "अवो, असं का बसलाय? उन्हात चक्कर येईल."

"बैल गान्याच्या मागं पडतोय, हे दिसलं न्हाई तुला?"

"दिसतंय की. आमी रोज हसतोय त्याला. झुंबराक्का म्हनती, तुज्या येशूला लंगडा बैल दिलाय, म्हसोबाला देऊन बघा, कसा पळतो."

झुंबरबाई फावड्यावर रेलून हसली. योहानने तिच्या हातातलं फावडं हिसकून चरात फेकलं. माल उडून तिच्या लुगड्यावर पडला.

"हसताय? ही सगळी कमान कच्च्या चुन्यात बांधली तुमी! सगळी!"

"वीस गानी म्हनली न्हाईत का आमी?" दीनाचा आवाज चढला. "एक कमी म्हनलं असंल तर जीभ छाटा. वीस म्हंजे घानी, हे कुनी शिकवलं? मी शिकले का माज्या बापाकडनं?"

 भीमा काही न कळून दोघांकडे पाहत होता. बैलाने संधी साधून चरातलं पाणी चाटलं, चुना जिभेला झोंबला आणि तो मान झटकू लागला.

घरी सगळे जेवायला बसले. सूर्य नुकताच बुडाला होता. योहानची आई मार्था हिने भाकरी थापली, मिरचीचा खर्डा वाढला. योहानने भाकरीचे तुकडे केले आणि तसेच ठेवले.

"जेव की," मार्था म्हणाली. "चुना बिघडला तर बिघडला. दुसरा लावा."

"कमान हाय आई ती. कालवन न्हाई, पुन्हा टाकायला."

"मंग पडंल का?"

"न्हाई पडनार, साचा ठेवला तर. कच्चा असला तरी चुनाच हाय तो. ओला ठेवला आनि महिना दीड महिना दिला तर धरंल. हळू धरंल." त्याने ताट बाजूला सारलं. "ठेकेदार अण्णा सनवारी साचा काढायचा म्हनतोय."

दीनाच्या हातातलं भांडं खाली आलं. शनिवार म्हणजे बारावा दिवस.

"आनि साच्याखाली?" तिने विचारलं.

 उत्तर तिला माहीत होतं. ह्या भागातल्या चुन्याच्या कामावर जुनी रीत होती. 'काढ' हा शब्द जो देईल त्याने चावीच्या दगडाखाली जाऊन मांडी घालून बसायचं, आणि तो बसला की मगच पाचरींवर घण पडायचा. शब्द मुकादमाचा असे. पहिल्या कमानीला योहान बसला होता. चिलीम ओढत बसला होता. साचा सुटला तेव्हा कमान दोन दोरे, जेमतेम सुतभर, खाली बसली आणि थांबली. दीनाने त्या दिवशी गूळ वाटला होता.

"बसू नका," ती म्हणाली.

"न बसून? कोन बसंल मंग?"

"कुनीबी बसंना. तुमी न्हाई."

"आनि का बसत न्हाई म्हनून सांगू? माज्या बायकोनं घानी बिघडवली म्हनून?"

दीना उठली. भांडी घासायला बाहेर गेली आणि राखेने तवा इतका घासला, की मार्था आतून म्हणाली, "भोक पाडशील."

सकाळी योहान ठेकेदाराकडे गेला. ठेकेदार श्रीमंतराव कडुलिंबाखाली खाटेवर बसायचा. त्याला सगळे अण्णा म्हणत. खाटेसमोर चटई होती, ती ओव्हरसियरसाठी. योहान चटईच्या बाहेर उभा राहिला. चहा आला. श्रीमंतरावाला कपबशीतून, योहानला झाडाच्या बेचक्यात ठेवलेल्या कान तुटक्या कपातून. कप त्याने स्वतः काढायचा, पिऊन विसळायचा आणि परत बेचक्यात ठेवायचा.

"अण्णा, साचा अजून महिनाभर राहू द्या."

"का?"

योहानने सांगितलं. बैल, गाणी, एकशेबारा फेरे, खिळा. काही झाकलं नाही. श्रीमंतराव ऐकता ऐकता हसू लागला आणि त्याच्या बशीतला चहा हिंदकळला.

"म्हणजे बायका गाणी चुकल्या म्हणून माझा पूल पडणार?"

"गानी चुकली न्हाईत. बैल बदलला. ढवळ्या तुमी नेला."

श्रीमंतरावाचं हसू गेलं. बशी खाटेच्या माच्यावर ठेवत तो म्हणाला, "बैल माझा आहे. कुठे जुंपायचा ते तुला विचारू? आणि लाकूड संगमनेरच्या कामावर जायचंय. तिथे माणसं हातावर हात घेऊन बसलीत. कुठे लाकूड मिळतं ते तू दाखव, मी आणतो. शनिवारी गाड्या येतील."

"ओव्हरसियर सायबांनी एकवीस दिवस लिवून ठेवल्यात."

"ओव्हरसियर मंगळवारी येईल. कमान उभी दिसली की खूश होईल. तुझ्यासारखे खिळे टोचत नाही तो." श्रीमंतराव जरा पुढे वाकला. "हे बघ योहान. चुना कच्चा आहे म्हणतोस ना? ठीक. मग मी त्याला सांगतो, की मुकादमाच्या बायकोने आणि त्या झुंबरीने घाणी नासवली. नगरपासून संगमनेरपर्यंत एका कामावर कोणी त्यांना उभं करणार नाही. तुलाही नाही. नाहीतर चुना पक्का आहे. मग शनिवारी बस खाली, तुमच्या रीतीप्रमाणे. दोन्हीतलं एक बोल."

योहानच्या हातात कप होता. कानाची तुटकी कड त्याच्या बोटात रुतत होती. त्याने कप विसळला, बेचक्यात ठेवला आणि निघाला. वाटेत आपण कप विसळला, ह्याचाच त्याला इतका राग आला, की त्याने एका बाभळीच्या बुंध्यावर लाथ मारली. काटा वहाणेतून आत गेला.

मधले दोन दिवस त्याने कमान ओली ठेवली. चुन्याला धरायला ओल लागते, सुकला की तो मेला. गोणपाटं कमानीवर पसरली आणि दीना डोहातून घागरी वाहू लागली. वैशाखाचा वारा एका तासात गोणपाट वाळवायचा. ती खाली जायची, भरायची, चढायची, ओतायची. तिसऱ्या प्रहरी तिच्या डोक्यावरच्या चुंबळीखालची कातडी सोलली. झुंबरबाई पहिले दोन तास घाणीपाशी तोंड फुगवून बसली. मग तीही घागर घेऊन आली.

"माज्यावर माल उडवला तुज्या नवऱ्यानं," ती म्हणाली. "एकुलतं लुगडं. म्हसोबा बघून घेईल त्याला."

"बघू दे. आधी पानी वत."

नव्या घाणीला दीनाने खडे वेगळे लावले. प्रत्येक फेऱ्याला एक, वीस झाले की एक मोठा गोटा. नऊ गोटे. ती गात नव्हती. झुंबरबाईने एकदा सुरुवात केली, तेव्हा दीना म्हणाली, "गप. चुकतंय." नुसतं चाक करकरत राहिलं.

शनिवारी सकाळी योहानने पुन्हा खिळा लावला. पाव बोट गेला. चुना धरत होता, पण त्याला दिवस हवे होते.

गाड्या आल्या. संगमनेरकडे जायच्या चार रिकाम्या बैलगाड्या वाटेवर उभ्या राहिल्या. गडी ओढ्यात जमले. श्रीमंतराव छत्री घेऊन आला, पांढरं धोतर वर धरून वाळूतून चालत. मच्छिंद्र खांद्यावर घण घेऊन पाचरींपाशी उभा होता. पाचरीच्या चिंचोळ्या टोकावर घाव घातला की ती मागे निसटते आणि खांब सैल होतो. जाड बाजूने घातला की पुन्हा आवळतो.

"चल योहान," श्रीमंतराव म्हणाला. "शब्द दे आणि बस."

"शब्द देत न्हाई."

श्रीमंतरावाने छत्री बाजूला केली.

"काय म्हणालास?"

"चुना कच्चा हाय. माजा शब्द न्हाई."

"मग तू मुकादमही नाहीस." श्रीमंतरावाने हे इतक्या सहज म्हटलं, जणू तयार ठेवलं होतं. "मच्छिंद्र, आजपासून तू मुकादम. तुला हवंच होतं ना? घाल घण."

मच्छिंद्रने घण खांद्यावरून काढून वाळूत टेकवला. कमानीकडे वर पाहिलं, योहानकडे पाहिलं, थुंकला.

"घन मी मारीन, अण्णा. पर कुनाच्या शब्दानं?"

"माझ्या! कुणाच्या म्हणजे?"

"मंग बसा की." मच्छिंद्रने चावीच्या दगडाखालची जागा हाताने दाखवली. "वाळू गार हाय तिथं. छत्रीबी नको."

कोणीतरी फिसकन हसलं. श्रीमंतरावाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने आजूबाजूला पाहिलं. काठावर घागर घेतलेली दीना त्याला दिसली, तिच्यामागे झुंबरबाई.

"मी बसू? चुना कुणी नासवला, माहीत आहे का तुम्हाला? त्या बघा, उभ्या आहेत महाराण्या! गाणी म्हणत घाणी फिरवली त्यांनी. एवढी हौस आहे, तर त्यांनाच बसवा कमानीखाली. म्हणा म्हणावं तिथे भजन!"

गड्यांनी काठाकडे पाहिलं. आत्तापर्यंत त्यांना खिळ्याचं माहीत होतं, बायांचं नव्हतं. दीनाने ते पाहणं पाहिलं. तिने घागर खाली ठेवली, नीट, दगडांत बसवून. पदर खोचला. उतार उतरून ती गड्यांमधून चालत आली आणि साच्याच्या खांबांमधून वाकून आत गेली. चावीच्या दगडाखाली ती मांडी घालून बसली.

"दिने!" योहान ओरडला. "बाहेर ये!"

"न्हाई येत. घानी माजी हुती." तिने श्रीमंतरावाकडे पाहिलं. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या तिच्या तोंडावर पडल्या होत्या. "एकशेबारा फेरे, अण्णा. वीस गान्यांत एक कमी न्हाई. ढवळ्या असता तर एकशेऐंशी झाले असते. घाला घन. तुमचा बैल, तुमची कमान, चुना माजा. घाला!"

झुंबरबाई काठावरूनच मोठ्याने म्हणाली, "अगं बया, मला ठेवून गेली," आणि गुडघे धरत, शिव्या घालत तीही उतरली. ती आत पोहोचायच्या आधीच श्रीमंतरावाने छत्री टाकली होती.

त्याला परत फिरता आलं असतं. पण चाळीस माणसं पाहत होती. त्याने मच्छिंद्रच्या हाताखालचा घण ओढला. लहानपणी त्याने कधी घण उचलला असेल, आता सवय नव्हती. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला आणि पहिल्या पाचरीच्या टोकावर घातला.

घाव तिरका बसला. पाचर बोटभर मागे सरली. वर कुठेतरी लाकूड करकरलं आणि कमानीतून, अगदी बारीक, कोंडा चाळावा तसा चुना गळू लागला. तो दीनाच्या केसांवर आणि सोललेल्या कातडीवर पडला. तिने डोळे मिटले नाहीत. झुंबरबाई अर्ध्या वाटेत खांबाला धरून थांबली.

"एक," दीना म्हणाली.

श्रीमंतरावाने घण पुन्हा उचलला. तेवढ्यात योहान आडवा आला. वाळूत गुडघे टेकून त्याने आपला उजवा पंजा पाचरीच्या टोकावर सपाट ठेवला.

"आता मारा, अण्णा."

घण वर होता.  श्रीमंतरावाच्या नाकावरून घाम ओघळला आणि योहानच्या मनगटावर पडला. योहानने वर पाहिलं नाही. तो आपल्या पंजाकडे पाहत होता. नखांत चुना होता, बाभळीच्या काट्याइतक्या बारीक भेगा होत्या.

"हात काढ."

"न्हाई काढत."

"काढ म्हणतो, महारड्या!"

"ह्येच हात हायेत. ह्यांनीच बांधला पूल. मारा."

वरून अजून चुना गळत होता. श्रीमंतरावाने तो गळताना पाहिला. मग आपण स्वतः कमानीच्या काठाखाली उभे आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. तो दोन पावलं मागे झाला. घण खाली आला, वाळूत. त्याने तो सोडून दिला, छत्री न उचलता काठ चढला आणि वर जाऊन ओरडला, "दुपारच्या आत दोघं कामावरून चालते व्हा! पुन्हा दिसलात तर फौजदाराला बोलावीन!"

मच्छिंद्रने घण उचलला.

"हात काढ, मुकादम," तो म्हणाला. "दीनाबाई, तुमीबी निघा आता. झुंबराक्का, तू तर निघच, तुज्या वजनानंच खांब हालतोय."

दीना बाहेर आली. मच्छिंद्रने पाचरीच्या जाड बाजूवर तीन घाव घातले. पाचर आपल्या जागी गेली, वरचा भुगा थांबला. मग त्याने घण योहानपुढे धरला.

"पलीकडच्या बाजूच्या बघ. त्या घावानं सैल झाल्या असतील."

देव्हारा चार हातांवर होता. मच्छिंद्रने तिकडे पाहिलं नाही. घणाचा दांडा त्याच्या हातातून योहानच्या हातात आला, घामाने निसरडा. योहान पलीकडे गेला आणि एकेक पाचर आवळत सुटला. शेवटच्या पाचरीवर त्याने गरजेपेक्षा चार घाव जास्त घातले.

दुपारच्या आत ते निघाले. गाड्या पहिल्या कमानीचं मोकळं झालेलं तेवढंच लाकूड भरून संगमनेरला गेल्या. दुसऱ्या साच्याला हात लावायला एकही गडी तयार झाला नाही. मंगळवारी ओव्हरसियर आला. पुढे काय झालं ते मच्छिंद्रने त्यांच्या वाडीत येऊन, मार्थाच्या ओट्यावर बसून सांगितलं. साचा जागेवर पाहून साहेब खूश झाला होता. 'सगळे ठेकेदार घाई करतात, तुम्ही धीर धरलात,' असं म्हणाला होता.

"आनि अण्णा?" दीनाने विचारलं.

"मान हालवली. म्हनाला, चुन्याला वेळ द्यावाच लागतो, सायेब."

योहान हसला नाही. उठून तो गोठ्यामागे गेला. बराच वेळ तिकडून कुऱ्हाडीचा आवाज येत राहिला. घरात महिनाभर पुरेल एवढं जळण आधीच फोडलेलं होतं.

माघात त्यांना एका विहिरीचं काम मिळालं, कोल्हारच्या पलीकडे. योहान मुकादम नव्हता, नुसता गवंडी होता. सकाळी ते दोघं त्या वाटेने निघाले, दीनाच्या डोक्यावर बोचकं, योहानच्या खांद्यावर थैली. पुलावरून उसाच्या गाड्या चालल्या होत्या, एकामागे एक, चाकं खडखडत. कठड्यात घडीव दगड बसवला होता आणि त्यावर श्रीमंतरावाचं नाव कोरलं होतं. अक्षरं मच्छिंद्रच्या हातची होती. 'श्री' जरा वाकडा होता, मच्छिंद्रचा हात एरवी वाकडा जात नसे.

योहान पुलावर चढला नाही. खालून, ओढ्यातून जाऊ लागला. दीना त्याच्यामागे आली आणि दुसऱ्या कमानीखाली थांबली. वरून गाडी गेली. कमान नुसती घुमली, कणही पडला नाही.

तिने बोचकं खाली ठेवलं. हात पोचेल तिथल्या सांध्यात अंगठ्याचं नख रोवलं आणि जोराने ओढलं. काही निघालं नाही. तिने पुन्हा ओढलं, दात खाऊन. नख मुळापासून उलटलं आणि पांढऱ्या सांध्यावर रक्ताची रेघ उमटली.

"अगं, काय करतेस?" योहान मागे वळला.

दीनाने अंगठा तोंडात घातला, चोखला, रक्त थुंकली.

"आता धरलाय," ती म्हणाली. "मेल्यानं आता धरलाय."

तिने बोचकं डोक्यावर घेतलं. ती पुढे आणि तो मागे, असे ते काठ चढून गेले. विहिरीच्या घाणीला चांगला तरणा बैल होता. तिथल्या बाया तिला म्हणाल्या, गाणं येत असेल तर म्हण, वेळ जातो. दीनाने नऊ गोटे आणि वीस खडे मांडले आणि फावडं हातात घेतलं.

"येत न्हाई," ती म्हणाली.